सालानं ठेवलेला सरपंच

आमच्या मोहगव्हाणात भांडायला दोनच जागा आहेत, मारुतीचा पार आणि माझी पिठाची गिरणी. पारावर बसून माणसं हळू आवाजात एकमेकांची उणीदुणी काढतात. गिरणीत पट्ट्याच्या घरघरीपुढे हळू बोलून भागत नाही. त्यामुळे गावात जे काही तोंडावर बोललं जातं ते माझ्याकडेच, आणि पिठाच्या डब्यांबरोबर ते घरोघरी पोचतं.

होळी झाल्यावर असाच एका सकाळी सावळीराम गव्हाचा डबा घेऊन आला. हा माझा वस्तीवरचा शेजारी, टमाटे पिकवणारा आणि डोक्यानं तापट. त्याच्या पाठोपाठ आमचे सरपंच संतोषराव आले. पांढरे कपडे, काळा गॉगल, दोन हातांत दोन फोन. दळणाचा डबा मात्र त्यांच्या मागून त्यांची आई सखुबाई कमरेवर घेऊन येत होती.

"काय सरपंच, पुलाचं काय झालं?" सावळीरामानं डबा खाली ठेवायच्या आधीच तोंड उघडलं.

"मंजुरी आली तात्या. नवा पूल येतोय."

"मागला बी नवाच व्हता."

मागल्या पुलाचं सांगते. आमचं गाव ओहळाच्या या अंगाला आणि आमची वस्ती त्या अंगाला. शाळा, दवाखान्याची गाडी, दिंडोरीचा रस्ता, सगळं गावाकडे. पावसाळ्यात ओहळ भरला की वस्ती तुटते. दोन वर्षांपूर्वी संतोषनं तिथे फरशी पूल बांधला, फीत कापली, पेढे वाटले, आणि पहिल्या मोठ्या पुरात तो पूल गेला. त्याच्या काँक्रीटमधून सळया म्हणून ज्या तारा निघाल्या त्या आम्ही पुढे द्राक्षाचे वेल बांधायला वापरल्या. त्याच श्रावणात माझ्या धाकट्या दिराला, बुधाला, टमाट्याच्या वाफ्यात पान लागलं, म्हणजे साप चावला. गावाच्या काठाला गाडी येऊन उभी होती, दिसत होती. आम्ही बुधाचं डोकं मांडीवर घेऊन वस्तीच्या काठाला पाणी उतरायची वाट बघत बसलो. पाणी उतरलं तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायची गरज राहिली नव्हती.

आणि आता माझी सून पल्लवी पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, हे दुसरं आमच्याकडे. दिवस भरणार होते ऐन श्रावणात. पाऊस लागायच्या आत चांगला पूल झाला पाहिजे, एवढंच माझं राजकारण.

म्हणून मी गिरणी बंद केली आणि विचारलं, "संतोष, ह्या पुलात तरी सळई घालशील ना रं?"

संतोषनं गॉगल काढला. बहुतेक त्याला त्या दिवशी खरं बोलायची हुक्की आली होती.

"काकू, खरं सांगू का? सरपंचाला मानधन किती असतं, हाय का ठाऊक? सरकारनं मध्यंतरी दुप्पट केलं. दुप्पट करून बी माझ्या गाडीचं डिझेल निघत नाय. साहेब आला का त्याला जेवू घाला. लगीन निघालं का आहेर करा. मयत झालं का गाडी द्या. खताचं दुकान माझं बसलं ह्या गावापायी. मी काय आभाळातून आनू? पोटापुरतं भेटलं असतं तर कशाला कोनाचं खाल्लं असतं मी?"

एवढं बोलून तो आमच्या तोंडाकडे बघायला लागला. खाल्लं हे त्यानं चार माणसांदेखत कबूल केलं होतं आणि वर आम्ही त्याची कीव करावी अशी त्याची अपेक्षा होती. मला तर हसावं की पायातली काढावी ते कळेना.

पण सावळीरामाच्या डोक्यात काहीतरी पेटलं. तो डब्यावरच बसला.

"म्हंजी पोटभर भेटलं तर खानार नाय?"

"आईची आन तात्या."

सखुबाई तिथेच होती. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडे बघितलं.

"मंग आपन असं करू," सावळीराम म्हणाला. "माझ्याकडं सालदार हाय. पाडव्याला त्याचं साल ठरवतो, उचल देतो, कपडे देतो, पायतान देतो. त्यो वर्षभर माझ्या शेताकडं बघतो. खाडा झाला तर मी कापतो. तसं गावानं तुला सालानं ठेवायचं. आमी देतो पोटभर. तू टक्का खायचा नाय. हाय कबूल?"

"कबूल!" संतोष इतक्या झटकन म्हणाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नाही आली. माझ्या डोळ्यांपुढे पल्लवी होती.

पाडव्याला पारावर अख्खा गाव जमला. घरटी वर्गणी काढलेली, द्राक्षवाल्यांनी जास्त दिली, मजुरी करणाऱ्यांनी जमेल तेवढी. रक्कम बघून आमच्या शाळेचे मास्तर खालचा ओठ चावत म्हणाले, "मला कोणी ठेवतं का बघा सालानं." रिवाजाप्रमाणे नारळ फोडला. सावळीरामानं संतोषला कुंकू लावलं, टोपी घातली, नवे कपडे दिले आणि करकरीत चपलांचा जोड पायापाशी ठेवला. संतोषनं त्या चपला घातल्या, दोन पावलं चालून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग उचलीचा विषय निघाला. सालदाराला पाडव्याला उचल देतात ती निम्मी, फार तर थोडी जास्त. बाकीचे पैसे महिन्याच्या महिन्याला, काम बघून. संतोष उठून उभा राहिला.

"निम्म्या पगाराचा गडी निम्मंच काम करतो. गावाचा माझ्यावर विश्वास हाय का नाय? असंल तर सगळी उचल आत्ताच द्या, नसंल तर ह्या चपला घ्या परत."

आता चपला परत घेणं म्हणजे मारुतीसमोर मोडता घालणं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांनी जन्मात आपल्या गड्याला एका दिवसाची मजुरी जास्त दिली नाही, बैलाच्या दाव्यासाठी दुकानदाराशी तासभर घासाघीस करतात, अशा माणसांनी वर्षाची सगळी रक्कम एका पुढाऱ्याच्या हातात ठेवली. कारण काय, तर पुढाऱ्यापुढे चिक्कू दिसायला नको. मीही त्यातच होते. माझीही मान हलली होती.

चपला घातलेला संतोष त्यानंतर गावात दिसला नाही.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, पुलासाठीच पळतोय. कधी नाशिकला आहे म्हणून कळायचं, कधी मुंबईला. मग ओहळावर पोकलेन आलं, खड्डे पडले, आणि ठेकेदार राज एक दिवस दळण घेऊन माझ्या गिरणीत आला. त्याच्या मजुरांचं पीठ संपलं होतं. तिशीतला पोरगा, बोलायला मोकळा, अगदी निर्लज्जपणे मोकळा.

"मावशी, तुमच्या गावानं सरपंचाला पगार दिला म्हनं?"

"दिला. आता टक्का नाय ना द्यावा लागत तुला?"

राज हसला. हसता हसता त्यानं पिठात हात घालून बघितला, जाड आहे की बारीक.

"टक्का वाढला मावशी."

"म्हंजी?"

"पंचायत समितीच्या निवडनुका लागनार हायेत ना. कधीच्या रखडल्यात, आता लागत्यालच. संतोषभाऊंना तिकीट पाहिजे. तुमच्या उचलीतून त्यांनी गाडीवाल्यांचा, बॅनरचा, वरच्या मान्सांचा खर्च भागवला. पन तिकिटाला तेवढ्यात होतं का? मंग उरलेलं माझ्याकडून. आधी सरपंचाचा टक्का व्हता, आता होनाऱ्या सभापतीचा हाय. भाव वाढनारच."

"आन् सळई?"

"बसंल तेवढी घालू."

मी त्याचं पीठ तसंच अर्धं टाकून गिरणीला कुलूप लावलं आणि सावळीरामाच्या टमाट्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी गिरणी दुपारी बंद केली. राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती. पल्लवीचे पाय सुजायला लागले होते.

सावळीरामानं खुरपं टाकलं. संध्याकाळपर्यंत वस्तीवरची सगळी माणसं संतोषच्या दारात. दार बंद, बाहेर नव्या पोस्टरांचा गठ्ठा, त्यावर संतोषचा हात जोडलेला फोटो.

"गडी उचल घेऊन पळाला!" सावळीराम ओरडत होता. "आमच्याकडं सालदार पळाला तर काय करत्यात, ठाऊक हाय ना?"

दार उघडलं. सखुबाई बाहेर आली. अंगानं काडी, पण नजर सरळ.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मला इचारतो का सावळ्या? माझा नवरा सालदार व्हता. संतोष पाळन्यात असताना त्याला कावीळ झाली आन् निम्मं साल ऱ्हायलं. त्याच्या जागी मी नांगर धरला, मोट हाकली, पाडव्यापर्यंत. मालकाला एक दिस कापू दिला नाय. घरात उचल आली का घरातल्या मानसानं साल भरायचं असतं."

सावळीरामानं मान खाली घातली. त्याच्या तोंडात शिवी होती ती तशीच राहिली.

"उचल ह्या घरात आली," सखुबाई म्हणाली. "मी डोळ्यानं बघितली. म्हंजी साल माझ्यावर हाय. उद्यापासून येते."

आम्हाला वाटलं, म्हातारी रागाच्या भरात बोलली. पण दुसऱ्या दिवशी मी गिरणीकडे जायला निघाले तर सखुबाई ओहळावर हजर. डोक्यावर पदर, काखेत घोंगडी, हातात काठी. राजच्या माणसांनी ओढ्यातली मातकट वाळू आणून ढीग मारला होता. तिनं घोंगडी त्या ढिगावर अंथरली आणि वर बसली.

"आजी, उठा, माल काढायचाय," मिक्सरवाला म्हणाला.

"काढ की. दुसरीकडून काढ."

"दुसरीकडं वाळू नाय."

"ही तरी कुढं हाय?"

राज आला. त्यानं आधी हसून बघितलं, मग हात जोडून बघितलं, मग आवाज चढवला. सखुबाई हलली नाही. तिला काँक्रीटमधलं काही कळत नव्हतं. किती सिमेंट, किती खडी, काही नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की गावानं उचल दिली आहे आणि ती वाळू नसून माती आहे. ती सरपंचाची आई होती, त्यामुळे तिला धरून उठवायची कोणाची छाती होत नव्हती.

शेवटी राजनं संतोषला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

"आई, उठ तिथून," संतोष तिकडून कळवळला. "माझी इज्जत घालवती का तू? इथं साहेबांच्या शेजारी बसलोय मी."

"तू साहेबाशेजारी बस. मी वाळूवर बसते."

"आगं लोक काय म्हनतील?"

"लोकांनी कवाच म्हनलंय. तुला ऐकू गेलं नाय."

दुपारी ऊन तापलं. चैत्रातलं ऊन आमच्याकडे नुसतं अंगावर येत नाही, खडकातून उलटं वर येतं. मी भाकरी आणि ताक घेऊन गेले तेव्हा म्हातारीचे ओठ सुकले होते. संध्याकाळी वस्तीवरच्या दोघीतिघी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. कोणी लसूण सोलत होतं, कोणी पोराला पाजत होतं. मजूर बाजूला झाडाखाली पत्ते खेळायला लागले आणि मिक्सर गप्प उभा राहिला.

राजचं रोजचं नुकसान होत होतं. तो सखुबाईपुढे उकिडवा बसला.

"आजी, चांगला माल घातला तर मला काय सुटत नाय. सगळं तुमच्या पोरानं घेतलंय."

"मंग त्याच्याकडून घे."

"असं कोन परत देतं का?"

"न्यायाची गोस्ट हाय. त्यानं तुझ्याकडून पूल खाल्लाय. त्याच्या घरी जा आन् माग."

राज खरोखर गेला. आणि मग जे झालं ते आम्ही सगळ्यांनी चवीनं ऐकलं. नाशिकच्या एका हॉटेलात ठेकेदार आणि सरपंच टक्क्यावरून इतके भांडले की वेटरनं त्यांना बाहेर काढलं. राज म्हणाला पैसे दे. संतोष म्हणाला तिकिटाला गेले. राज म्हणाला मग पूल तूच बांध, आणि त्याआधी मी साहेबांना सांगतो की तुझ्या गावात तुझ्या आईनंच तुझं काम बंद पाडलंय, असल्या माणसाला तिकीट कशाला. तिकिटाचं नाव निघाल्यावर संतोष जागा झाला.

आठवड्याभरानं संतोष गावात आला तो स्वतःच्या ट्रॅक्टरवर बसून. मागे ट्रॉलीत चांगली वाळू, धुळीनं माखलेले पांढरे कपडे, गॉगल कुठे दिसत नव्हता. पायात आम्ही दिलेल्या चपला होत्या. त्यानं ट्रॉली रिकामी केली, आईकडे बघितलं नाही आणि पुन्हा खेपेला गेला. अशा त्यानं किती खेपा घातल्या कोण जाणे. सळया आल्या तेव्हा सावळीरामानं त्यातली एक उचलून गुडघ्यावर वाकवून बघितली. वाकली नाही. त्यानं ती सखुबाईला दाखवली तेव्हा तिनं नुसती मान हलवली आणि घोंगडी उचलून सिमेंटच्या गोण्यांपाशी नेऊन टाकली.

रोहिणीचा पहिला शिडकावा व्हायच्या आत पूल पुरा झाला. मी त्यावरून अनवाणी चालत गेले. बुधाला घेऊन आम्ही जिथे बसलो होतो ती जागा आता खांबाखाली गेली होती. मला तिथे रडू आलं आणि मी ते पुसलं नाही.

उद्घाटनाला आमदार आले. मंडप, दोन स्पीकर, फ्लेक्सवर संतोषचा फोटो पुलाहून मोठा. आमदारसाहेबांनी भाषण सुरू केलं आणि आमच्या कानांवर विश्वास बसेना.

"विरोधक आमच्या पगारावर टीका करतात, पेन्शनवर टीका करतात. मित्रांनो, मोहगव्हाणनं त्यांना उत्तर दिलं आहे! ह्या गावानं आपल्या सरपंचाला सन्मानानं पगार दिला. आणि फळ काय मिळालं? हा मजबूत पूल! लोकप्रतिनिधीचं पोट भरलेलं असलं की तो खात नाही. हा मोहगव्हाण पॅटर्न मी विधानसभेत मांडणार आहे!"

पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. संतोषला फेटा बांधला. सखुबाई मंडपात नव्हती. ती पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, कारण मंडपाची गाडी अजून नीट न सुकलेल्या कठड्याला टेकवून लावली होती आणि ती ड्रायव्हरला गाडी काढायला सांगत होती.

पॅटर्न मात्र गाजला. आसपासच्या गावांची माणसं विचारायला यायला लागली. कसं केलं, किती दिले, आमच्याकडे पण करू. सावळीराम त्यांना पारावर बसवून चहा पाजायचा आणि सांगायचा, "पगार द्या नायतर नका देऊ. आधी त्याची आई कशी हाय ते बघून या." ते हसायचे. त्यांना वाटायचं तात्या चेष्टा करतोय.

श्रावणात ओहळ दोन्ही काठ चाटत निघाला त्या दिवशी भर दुपारी पल्लवीला कळा लागल्या. गाडी दारात आली, वस्तीवर, आमच्या दारात. पुलावरून जाताना मी खिडकीतून खाली बघितलं. तपकिरी पाणी खांबांना धडका देत होतं आणि पूल हलत नव्हता. दिंडोरीच्या दवाखान्यात अंधार पडायच्या आत मला नात झाली. मी सखुबाईला पेढा द्यायला गेले तर ती म्हणाली, "मला कशाला? मी सालाची मानूस हाय. गावाला वाट."

थंडीत निवडणुका झाल्या. मोहगव्हाणच्या पुलाचा फोटो संतोषनं तालुकाभर लावला आणि पंचायत समितीवर आमच्या गणातून निवडून आला. आमच्या गावातूनही त्याला मतं पडली, आणि कमी नाही. मी विचारलं तर लोक म्हणायचे, "काय केलं तरी पूल तर त्यानंच केला ना." सावळीरामानं दोन दिवस पारावर पाऊल ठेवलं नाही.

निकालाच्या दिवशी मिरवणूक पुलावरून आली. डीजे, गुलाल, उघडी जीप, त्यात संतोष. गुलालानं ओळखू येत नव्हता. सखुबाई माझ्या गिरणीच्या पायरीवर दळणाची वाट बघत बसली होती. जीप थांबली. तो उडी मारून खाली उतरला आणि सगळ्यांदेखत आईच्या पायावर डोकं ठेवलं. मोबाईलवाल्यांनी फोटो घेतले.

"आई, आशीर्वाद दे. आता अख्ख्या गणाचं काम माझ्याकडं."

सखुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला गुलाल लागला तो तिनं बघितला.

"गणात गावं किती रं?"

"लय हायेत. सगळी मोजली नाय आजून. पूल हायेत, रस्ते हायेत, टाक्या हायेत, अंगनवाड्या हायेत. पैसा लय येनार हाय आई, तू बघत ऱ्हाय."

म्हातारी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला वाटलं, ती कौतुकानं बघतेय. तो फोटोवाल्यांकडे वळून हसला.

"संतोष," ती म्हणाली, "येवढ्या ठिकानी मी कुढं कुढं बसू रं?"

डीजे सुरू झाला होता. त्याला ऐकू गेलं नाही. तो जीपवर चढला आणि मिरवणूक पुढे पारावर गेली. मी सखुबाईचं दळण तिच्या डब्यात भरलं आणि झाकण लावलं.